मदत हवी आहे : सात फुटांच्या पुलवाटेवर पायी चालणाऱ्याला मागून सूचना कशी द्यावी?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे राहतो आणि आठवड्यातून तीन-चार दिवस जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून सायकलने मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला कामावर जातो. सध्या आई-बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले असल्याने सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन त्याच पुलावर पायीही जातो. त्यामुळे एकाच वाटेवर काही दिवस मी सायकलस्वार असतो आणि उरलेले दोन दिवस सायकलस्वारांवर वैतागलेला पादचारी असतो. पुढचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी पडलेला आहे, म्हणून थोडा सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा पूल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हडसन नदीवरचा हा झुलता पूल १९३१ साली खुला झाला. दोन मजल्यांवर मिळून मोटारींसाठी १४ मार्गिका आहेत. माणसांसाठी कडेने जाणारी वाट मात्र जेमतेम ७ फुटांची, म्हणजे साधारण २१३ सेंटिमीटर रुंदीची आहे. अशा वाटा दोन्ही अंगांना आहेत. उत्तरेकडची वाट पायऱ्या काढून, उतार बांधून फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा खुली झाली. दोन्ही वाटा चालू असल्या की उत्तरेची सायकलींना आणि दक्षिणेची पादचाऱ्यांना, अशी वाटणी ठरलेली आहे. परंतु पुलाचा रस्ता ज्या उभ्या दोरांवर तोललेला आहे, ते दोर बदलण्याचे मोठे काम चालू असल्याने एक बाजू बंद ठेवावी लागते आणि जाणारे-येणारे, चालणारे-धावणारे, बाबागाडीवाले आणि सायकलवाले असे सगळेच दुसऱ्या बाजूवर येतात.

माझ्या सायकलचे हँडल मोजले तर ६२ सेंटिमीटर भरले. समोरासमोरून येणाऱ्या अशा दोन सायकली आणि त्यांच्या शेजारी ६० सेंटिमीटर जागा घेणारा एक माणूस, असे तिघे एका रेषेत आले तर १८४ सेंटिमीटर होतात. उरलेल्या २९ सेंटिमीटरांत दोन्हीकडचे कठडे आणि तिघांमधली अंतरे सांभाळायची! कागदावर हे जमते. वाऱ्यात आणि शेजारून धडधडत जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजात ते जमत नाही.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही तिघे चालत होतो. त्या वेळी शहरातले हौशी सायकलपटू टोळ्यांनी पूल ओलांडून नऊ-डब्ल्यू या महामार्गाने पिअरमाँट आणि नायॅक या गावांकडे जात असतात. त्यांतल्या एकाने मागून ‘ऑन युअर लेफ्ट’, म्हणजे ‘तुमच्या डावीकडून पुढे जात आहे’, असे ओरडून सूचना दिली. माझ्या कानांना तिचा अर्थ सवयीने कळतो. बाबांच्या कानांवर त्यातला ‘लेफ्ट’ एवढाच शब्द पडला आणि ते तत्परतेने डावीकडे सरकले, म्हणजे नेमके त्याच्याच वाटेत गेले. त्याने ब्रेक कचकन दाबला, हँडल बाबांच्या बाहीला घासून गेले आणि सुदैवाने तेवढ्यावरच निभावले. तो बिचारा थांबून तीनतीनदा क्षमा मागत होता, त्यामुळे त्याच्यावर रागावण्याचीही सोय राहिली नाही. मात्र तेव्हापासून बाबा पुलावर यायला तयार नाहीत.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट त्यानंतर घडली. दोनच दिवसांनी कामावर जाताना मी मॅनहॅटनच्या बाजूला एका वृद्ध बाईंच्या मागे घंटी वाजवली आणि त्या दचकून आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे झाल्या. त्या भागात स्पॅनिश बोलणारी वस्ती मोठी आहे. मी वेग कमी केला होता, घंटीही वाजवली होती. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे सर्व नियम पाळले होते. तरीही त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बाबांच्या चेहऱ्यावर होती तशीच होती.

त्यामुळे जाणकारांना विचारायचे ते असे. घंटी किती अंतरावरून वाजवावी? एकदा वाजवूनही समोरची व्यक्ती वळून पाहत नसेल, तर पुन्हा वाजवावी की आवाज द्यावा, आणि आवाज द्यायचा तर ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी कोणत्या शब्दांत? ट्रकांच्या गोंगाटात साधी घंटी बुडून जाते, म्हणून एका सहकाऱ्याने मोठ्या आवाजाचा भोंगा किंवा शिट्टी वापरण्याचा सल्ला दिला आहे. ते योग्य ठरेल का? आणि आई-बाबांना चालताना नेमके काय करायला सांगावे? ‘जपून चाला’ एवढे सांगून काही साधत नाही, हे आता कळले आहे.

प्रतिसाद :

भोंग्याचा प्रश्न आधी निकालात काढतो. तुमचा पूल दोन राज्यांना जोडतो, पण न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांचा कायदा याबाबत सारखाच आहे. सायकलला किमान १०० फुटांवर ऐकू जाईल अशी घंटी किंवा तसे साधन हवे, आणि शिट्टी किंवा सायरन वापरण्यास मनाई आहे. त्यामुळे शिट्टीचा सल्ला विसरा. मोठ्या भोंग्यानेही घाबरवण्यापलीकडे काही होणार नाही, कारण मागून अचानक मोठा आवाज आला की माणूस आधी उडी मारतो आणि मग विचार करतो.

अंतराबाबत थोडे गणित करून पाहा. माणूस ताशी ५ आणि तुम्ही ताशी २० किलोमीटर वेगाने जात असाल, तर तुमच्यातले अंतर दर सेकंदाला सुमारे ४ मीटरने कमी होते. घंटी १० मीटरवरून वाजवली तर समोरच्याला अडीच सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात आवाज ऐकणे, तो कशाचा आहे हे ओळखणे, वळणे आणि कोणत्या बाजूला सरकायचे ते ठरवणे तरुण माणसालाही जड जाते. हीच घंटी ३० मीटरवरून, म्हणजे कायद्यातल्या त्या १०० फुटांवरून वाजवली तर सात सेकंद मिळतात. तुमच्या वृद्ध बाई घाबरल्या त्या दिवशी तुम्ही घंटी कुठून वाजवली होती, ते आठवून पाहा. आपल्यापैकी बहुतेक जण ती अगदी पाठीशी आल्यावर वाजवतात आणि वर आपण नियम पाळला अशी समजूत करून घेतात.

मात्र गोंगाटामुळे ३० मीटरवरून घंटी ऐकू जाईलच, असे त्या पुलावर गृहीत धरता येत नाही. म्हणून मी असे करतो : दुरून एकदा वाजवतो आणि पाय मारणे थांबवतो. समोरच्याने मान वळवली, हात केला किंवा चाल बदलली, तर त्याला कळले असे समजतो. तसे काहीच दिसले नाही, तर ऐकू गेलेले नाही असे धरून त्याच्याच चालीने त्याच्या मागे राहतो आणि साधारण चार मीटरवरून शांतपणे बोलतो. समोरून कोणी येत असेल तर ओलांडतच नाही. तिघांनी एका रेषेत यायचेच नाही, एवढे पाळले तर तुमचे २९ सेंटिमीटरांचे गणित उद्भवत नाही. मनोऱ्यांपाशी वाट वळसा घेते आणि पलीकडचे दिसत नाही. तिथे तर मी सरळ उतरून सायकल हाताने नेतो. पूर्ण पुलात यामुळे दोन-तीन मिनिटे जास्त लागत असतील.

प्रतिसाद :

मी पुण्यातून लिहीत आहे, त्यामुळे तुमच्या पुलाविषयी अधिकाराने बोलू शकत नाही. तुमच्या बाबांविषयी मात्र बोलू शकते, कारण माझे सासरे मुलीकडे डॅलसला गेले असताना तिथल्या एका तळ्याकाठच्या वाटेवर हेच घडले होते.

आपल्याकडे घंटी किंवा हॉर्न यांचा अर्थ ‘बाजूला व्हा’ असा असतो आणि आयुष्यभर आपण तो अर्थ अंगात मुरवलेला असतो. डेक्कनच्या झेड पुलावर दुचाकींच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसाने हॉर्न ऐकून जागच्या जागी उभे राहायचे ठरवले, तर त्याचे काय होईल ते सांगायला नको. तुमच्या तिकडे त्याच आवाजाचा अर्थ ‘मी तुमच्या डावीकडून पुढे जात आहे, तुम्ही आहात तसेच चालत राहा’ असा होतो. बाबांनी चूक केली नाही. त्यांनी आपल्या भाषेत अचूक उत्तर दिले. शिवाय आपल्याला डावीकडून चालण्याची सवय असते, म्हणजे तिकडे ज्या बाजूने सायकली पुढे काढतात तीच बाजू आपण आपोआप धरतो.

म्हणून त्यांना इंग्रजी शब्द शिकवत बसू नका. उजवा हात कठड्याला लागेल इतके उजवीकडे राहायचे आणि मागून कसलाही आवाज आला तरी बाजू बदलायची नाही, एवढेच पाठ करून घ्या. आम्ही सासऱ्यांना ‘उजवा कठडा सोडायचा नाही’ असे एकच वाक्य दिले होते. तिघांनी गप्पा मारत शेजारी-शेजारी चालणेही सोडावे लागेल, आणि घरातल्यांना सर्वांत जड तेच जाते. तुम्ही स्वतः त्यांच्या एक पाऊल मागे आणि किंचित डावीकडे चाला. मागच्या सायकलस्वाराला आधी तुम्ही दिसाल. छायाचित्रासाठी थांबताना पाठ कठड्याला टेकवूनच उभे राहायचे, हेही सांगून ठेवा, कारण चांगली चौकट साधण्यासाठी दोन पावले मागे सरकण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

प्रतिसाद :

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर सायकलींना ताशी १५ मैलांची, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची मर्यादा आहे आणि मनोऱ्यांच्या वळशावर ती ताशी ५ मैलांवर येते. त्यामुळे वर एकांनी लिहिलेली मनोऱ्यापाशी उतरण्याची सवय अतिसावधपणाची मुळीच नाही. ताशी ५ मैलांनी सायकलवर तोल सांभाळण्यापेक्षा उतरलेले बरे.

प्रतिसाद :

इंग्लंडमध्ये डावीकडून चालण्याची सवय आपल्यासारखीच असल्याने बाजूंचा घोळ होत नाही, तरी दचकणे इथेही आहेच. इथल्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ मध्ये सुधारणा झाल्या. त्यांनुसार सायकलस्वाराने पादचाऱ्याच्या जवळून किंवा वेगाने, विशेषतः मागून, जाऊ नये, गरज पडेल तिथे वेग कमी करावा आणि घंटीने किंवा सौम्य शब्दांत आपण असल्याचे कळवावे. समोरची व्यक्ती बहिरी किंवा दृष्टिहीन असू शकते, हे लक्षात ठेवण्यासही त्यात सांगितले आहे. मला यातला शेवटचा भाग सर्वांत उपयोगी वाटतो, कारण घंटी वाजवली म्हणजे आपली जबाबदारी संपली असे मग मानता येत नाही.

प्रतिसाद (धागालेखक) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १०० फूट म्हणजे नेमके किती, ते डोळ्यांत बसावे म्हणून मी घराजवळच्या रस्त्यावर पावलांनी मोजून पाहिले आणि आजवर त्याच्या तिसऱ्या हिश्शावरूनच घंटी वाजवत आलो आहे, हे मान्य करावे लागले. या आठवड्यात दुरून घंटी वाजवून पाय थांबवण्याचा प्रयोग केला. बऱ्याच जणांनी न वळता नुसता हात वर केला. त्याचा अर्थ ‘कळले’ असा घेतला आणि तो बरोबर ठरला. ज्यांच्या कानांत हेडफोन होते त्यांच्या मागे मात्र चालीच्या वेगाने बराच वेळ राहावे लागले. स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांनी ‘कोन पेर्मिसो’ म्हणजे ‘जाऊ द्याल का’ हे दोन शब्द शिकवले आहेत. मागून आलेले ते शब्द ऐकून माणसे दचकत नाहीत, उलट काही जण हसून उत्तर देतात.

‘उजवा कठडा सोडायचा नाही’ हे वाक्य आईने लगेच उचलले. बाबांनी रविवारी गर्दी सुरू होण्याआधी, सकाळी सात वाजता येऊन पाहण्याचे कबूल केले आहे.

एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती. बाबांच्या डाव्या कानात श्रवणयंत्र आहे आणि पुलावरच्या वाऱ्यात ते इतके खरखरते की ते काढून खिशात ठेवतात. उजवीकडून चालताना सायकली नेमक्या त्याच कानाच्या बाजूने जातील. वाऱ्याची खरखर कमी होऊन मागचा आवाज ऐकू यावा यासाठी टोपी, कानपट्टी किंवा यंत्रातली काही वेगळी जुळणी कोणी वापरून पाहिली आहे का?