उपाहारगृहातील विनोदी संवादांतून इंग्रजी व्याकरण

प्रश्न: मी सातवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. ‘सम’ आणि ‘एनी’ यांचा नियम सर्वांना तोंडपाठ आहे, पण बोलताना तो कोणालाच आठवत नाही, म्हणून जोड्या करून ग्राहक आणि वेटर यांचे विनोदी संवाद करून घ्यावेत असे मनात आहे. मात्र हशा होईल आणि व्याकरण बाजूला राहील, अशी धास्ती वाटते. कोणी हा प्रयोग केला आहे का?

उत्तर १: विनोद व्याकरणातूनच निघेल अशी रचना करावी. ग्राहकाच्या हाती पदार्थांची यादी द्यावी आणि वेटरच्या चिठ्ठीवर त्यांतले जवळजवळ सर्व संपल्याचे लिहावे. मग ‘डू यू हॅव एनी सूप?’ या प्रश्नाला ‘वी डोन्ट हॅव एनी सूप, बट वी हॅव सम स्पून्स’ असे उत्तर येते आणि नकारार्थी वाक्यातील ‘एनी’ हसता हसता पक्के होते. दोघांनी एकमेकांची चिठ्ठी पाहू नये, नाहीतर विचारण्याची गरजच उरत नाही.

उत्तर २: चालू वर्तमानकाळासाठी सूपमधली माशी अजूनही कामाला येते. ‘व्हॉट इज धिस फ्लाय डुइंग इन माय सूप?’ असे ग्राहक रागाने विचारतो आणि वेटर वाकून, नीट न्याहाळून, ‘आय थिंक इट इज स्विमिंग, सर’ असे सांगतो. पुढच्या जोडीने क्रियापद स्वतःचे घालायचे. चुका मध्येच दुरुस्त न करता टिपून ठेवाव्यात आणि नंतर फळ्यावर घ्याव्यात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. चिठ्ठ्या आजच करायला घेते. भूमिका मध्ये बदलाव्यात का?

उत्तर १: अवश्य, एरवी प्रश्न विचारण्याचा सराव एकालाच होतो.