अ‍ॅक्टिन ठळक, पण एमटॉरचा बँड येत नाही – वेस्टर्न ब्लॉटमध्ये नेमकं काय तपासावं?

प्रश्न – पेशीरंग

वेस्टर्न ब्लॉटने (प्रोटीन्स जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटीबॉडीने शोधायची) मानवी पेशींच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या द्रवात) एमटॉर हे मोठं प्रोटीन (२८९ किलोडाल्टन) बघायचं आहे. १० टक्के जेल, लेनमध्ये ३० मायक्रोग्रॅम प्रोटीन, ०.४५ मायक्रॉन छिद्रांचं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, सेमी-ड्राय ट्रान्सफर (टँकऐवजी बफरने भिजवलेल्या कागदांमधून) ३० मिनिटं, बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल. ब्लॉकिंग (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकणं) ५ टक्के दुधात तासभर, प्रायमरी अँटीबॉडी (एमटॉरला चिकटणारी) १:१००० रात्रभर ४ अंश सेल्सिअसला. त्याच मेम्ब्रेनवर अ‍ॅक्टिन (४२ किलोडाल्टन) सुंदर येतो. एमटॉरच्या जागी मात्र अगदी वरच्या कडेला जेमतेम धूसर डाग. प्रायमरी १:२५० केली तर सगळं मेम्ब्रेनच काळं पडतं. अँटीबॉडी बदलू का?

उत्तर – बफरवाला

अँटीबॉडीला इतक्यात हात लावू नका. अ‍ॅक्टिन दिसतो, यावरून लहान प्रोटीन्स मेम्ब्रेनवर उतरली एवढंच कळतं. २८९ किलोडाल्टनचं प्रोटीन उतरलं की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि मेम्ब्रेनवर प्रोटीनच नसेल तर अँटीबॉडी चौपट केल्याने फक्त पार्श्वभूमी वाढते. तुमचं तेच झालेलं दिसतंय.

आधी दोन साध्या चाचण्या करा. ट्रान्सफर झाल्याबरोबर मेम्ब्रेन पॉन्सो एस या प्रोटीन दाखवणाऱ्या रंगात ५ मिनिटं ठेवा (०.१ टक्का, ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये), पाण्याने हलकं धुवा आणि २०० किलोडाल्टनच्या वर गुलाबी रेघा आहेत का ते पाहा. ट्रान्सफर झालेलं जेल फेकू नका, ते कुमासी या निळ्या प्रोटीन-रंगात टाका. वरच्या भागात निळे बँड शिल्लक असतील तर प्रोटीन जेलमध्येच अडकलंय.

तसंही १० टक्के जेल या आकाराला फार दाट आहे. एमटॉर वेलच्या (सॅम्पल भरायच्या खाचेच्या) खालीच रेंगाळतं आणि तुमचा डाग वरच्या कडेला येण्याचं कारण बहुधा हेच. ६ टक्के जेल किंवा ३ ते ८ टक्के ट्रिस-अ‍ॅसिटेट ग्रेडियंट घ्या. ६ टक्के जेल फार लिबलिबीत असतं, काचेवरून उचलताना फाटतं. बफरमध्ये बुडवूनच सोडवा.

उत्तर – लायसेट

सॅम्पलकडेही बघा. इतकं लांब प्रोटीन प्रोटिएजला (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइम्सना) सहज बळी पडतं. प्रोटिएज इनहिबिटर लायसिस बफरमध्ये ऐनवेळी घाला. पीएमएसएफ हा इनहिबिटर पाण्यात लवकर निकामी होतं, त्यामुळे आदल्या दिवशी मिसळून ठेवलेला बफर उपयोगाचा नाही. लायसेटचे छोटे भाग करून गोठवा, वारंवार वितळवू नका.

लायसेट तारेसारखं ओढलं जात असेल तर त्यात डीएनए आहे. बर्फावर थोडं सोनिकेट करा किंवा बारीक सुईतून काही वेळा ओढा, नाहीतर प्रोटीन वेलमध्ये अडकून लेनभर ओघळ दिसतो. ९५ अंशांऐवजी ७० अंशांना १० मिनिटं हेही एकदा करून पाहा, मोठी प्रोटीन्स उकळल्यावर कधीकधी गोळा होतात.

पेशीरंग

दोन्ही चाचण्या केल्या. पॉन्सोत १५० च्या वर जवळपास काहीच नाही, कुमासीत जेलचा वरचा भाग चांगलाच निळा. म्हणजे ट्रान्सफरच. वेट टँक (बफरमध्ये बुडवून ट्रान्सफर करायची टाकी) उपलब्ध आहे, सेटिंग काय ठेवू?

उत्तर – बफरवाला

मग सेमी-ड्राय सोडा. नेहमीचा टाउबिन बफर घ्या: ट्रिस २५ मिलिमोलर, ग्लायसिन १९२ मिलिमोलर. मिथेनॉल २० वरून १० टक्क्यांवर आणा आणि ०.०५ टक्के एसडीएस (प्रोटीनला ऋण भार देणारा डिटर्जंट) घाला. मिथेनॉलमुळे प्रोटीन मेम्ब्रेनला धरतं खरं, पण त्याने जेल आकसतं आणि प्रोटीनवरचा एसडीएसही निघतो. लहान प्रोटीनला ते परवडतं; मोठं प्रोटीन मात्र जेलमध्येच रुतून बसतं. उलट एसडीएस जास्त झाला तर लहान प्रोटीन्स मेम्ब्रेनला न चिकटता आरपार जातात. म्हणून इथे आकार बघूनच प्रमाण ठरवायचं.

पीएच ८.३ च्या आसपास आपोआप येतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून तो जुळवू नका. क्लोराइडमुळे करंट वाढतो आणि टँक तापतो.

३० व्होल्ट, रात्रभर, ४ अंशांच्या खोलीत. पीव्हीडीएफ आधी मिथेनॉलमध्ये अर्धा मिनिट भिजवा, मग ट्रान्सफर बफरमध्ये. पुढे ते कुठेही कोरडं पडू देऊ नका. कॅथोडकडून (ऋण बाजूने) क्रम असा: स्पंज, फिल्टर पेपर, जेल, मेम्ब्रेन, फिल्टर पेपर, स्पंज. प्रत्येक थरावरून रोलर फिरवा. बुडबुडा राहिला तर तिथे नेमका गोल पांढरा ठिपका उमटतो.

उत्तर – लायसेट

एक अडचण आधीच लक्षात घ्या: ६ टक्के जेलवर एमटॉर नीट वेगळा होईपर्यंत अ‍ॅक्टिन डायसोबत जेलच्या बाहेर निघून गेलेला असेल. लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखं प्रोटीन गेलं का हे दाखवणारं प्रोटीन) म्हणून व्हिन्क्युलिन (सुमारे ११७ किलोडाल्टन) घ्या, नाहीतर एकूण प्रोटीनचा रंग मोजा. शिवाय ३० मायक्रोग्रॅमला अ‍ॅक्टिनचा सिग्नल बहुतेक वेळा इतका भरतो की लेनमधला फरक दिसतच नाही.

प्रायमरी पुन्हा १:१००० वर आणा. नवीन ट्रान्सफरनंतर बँडचा मधला भाग पांढरा आणि कडा काळ्या दिसल्या तर एचआरपी (प्रायमरीला चिकटणाऱ्या सेकंडरी अँटीबॉडीवरचं, सिग्नल देणारं एन्झाइम) जास्त झाल्याने त्याचा सब्स्ट्रेट (ज्यावर ते काम करतं ते रसायन) तिथे आधीच संपलाय. अशा वेळी सेकंडरी आणखी पातळ करा. आणि सेकंडरीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड अजिबात नको, त्याने एचआरपी बंद पडतं.

पुढे फॉस्फो-एमटॉर (फॉस्फेट जोडलेला एमटॉर) बघणार असाल तर दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, त्याने पार्श्वभूमी वाढू शकते. लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनडेट हे फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स थांबवणारे पदार्थही घाला, नाहीतर फॉस्फेट लायसेटमध्येच निघून जाईल.