शाश्वत कर्ज?? आणि रिकव्हरी म्हणजे वसुली की उभारी?

शंकेखोर:
श्रीलंकेच्या आर्थिक संकटावरच्या एका लेखाचं मराठी करतेय, त्यात अडकलेय. कर्ज 'सस्टेनेबल' पातळीवर आणायचं असं दर दोन ओळींनी येतं. मी आपलं सवयीने शाश्वत लिहून मोकळी झाले, शाश्वत शेती, शाश्वत विकास असतं तसं, आणि रात्री परत वाचताना हसून हसून मेले. शाश्वत कर्ज! म्हणजे सात पिढ्या फिटणार नाही असं. त्या बिचाऱ्यांना नेमकं तेच नकोय ना. टिकाऊ लिहावं तर ते प्लास्टिकच्या बादलीसारखं वाटतं. काय लिहू?
शिवाय 'इकॉनॉमिक रिकव्हरी'ला कुणीतरी पुनर्प्राप्ती सुचवलंय, ते हरवलेलं पाकीट सापडल्यासारखं नाही का वाटत?

निवृत्त बँकवाला:
'झेपणारं कर्ज' लिहा की. किती कर्ज आहे त्यापेक्षा ते ओढायची ताकद आहे का, असा तो प्रश्न असतो. आयएमएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, श्रीलंकेला जे लक्ष्य दिलंय ते बघा, 2032 पर्यंत सरकारी कर्ज जीडीपीच्या 95 टक्क्यांच्या खाली आणायचं. 95 म्हणजे फिटलं का? अजिबात नाही, डोक्यावर आहेच, फक्त मान मोडणार नाही इतपत. म्हणून झेपणारं, पेलवणारं. वाढीला मात्र शाश्वत चालेल, ती कायमची राहिली तर कुणाची ना नाही.
आणि रिकव्हरी म्हणाल तर आमच्या नोकरीत त्याचा एकच अर्थ, वसुली. 'साहेब रिकव्हरीला गेलेत' म्हटलं की गावात लोक मागच्या दाराने शेतात. देशाच्या बाबतीत गंमत अशी की धनकोच्या बाजूने बघितलं तर वसुली आणि ऋणकोच्या बाजूने उभारी, शब्द एकच. तुम्ही उभारी घ्या, नाहीतर सरळ 'सावरणं'.

सोसायटीवाला:
रिस्ट्रक्चरिंगला पेपरवाले पुनर्रचना लिहितात, आमच्याकडे दुष्काळ जाहीर झाला की पीककर्जाचं पुनर्गठन होतं, शेतकऱ्याला हाच शब्द माहितीय. पण श्रीलंकेने आधी बरीच वर्षं जे केलं त्याला आमच्यात वेगळाच शब्द आहे, नवं-जुनं. मार्चअखेरीला पाव्हण्याकडून हातउसने आणायचे, सोसायटीचं पीककर्ज भरायचं, आठवड्यात परत उचलायचं आणि पाव्हण्याचे देऊन टाकायचे. कागदावर खातं एकदम चकाचक. त्यांनी पण जुने डॉलर बाँड, म्हणजे डॉलरमधले कर्जरोखे, फेडायला नवे बाँड काढले, आणि हे तोपर्यंतच चालतं जोपर्यंत पाव्हणा देतोय. 2019 च्या शेवटी त्यांच्या सरकारने व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आणला, लगेच कोविड आला, पर्यटक बंद, 2021 ला रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली त्यात भात आणि चहा झोपला, मग पाव्हण्याने दार लावून घेतलं. ते नवं-जुनं पण भाषांतरात घाला ताई, रोलओव्हर कोण समजतंय.

शंकेखोर:
वा, नवं-जुनं घेतलंच! मग 12 एप्रिल 2022 ला त्यांनी परदेशी कर्जाचे हप्ते देणार नाही म्हणून जाहीर केलं, त्याला दिवाळं म्हणू का? सगळीकडे दिवाळखोर श्रीलंका असंच छापून येतंय.

निवृत्त बँकवाला:
मी नाही म्हणणार. पूर्वी म्हणे पेढीवाला बुडाला की भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवायचा, त्यावरून दिवाळं, असं सांगतात, खरंखोटं देव जाणे. पण त्यात पेढी बंद होते, पाटी उतरते, असेल ते विकून वाटून घेतात. देशाचा लिलाव कोणत्या कोर्टात करणार? उद्या सकाळी पण पेट्रोल लागतंच, शाळा भरतेच. म्हणून 'परतफेड थांबवली' किंवा 'कर्ज थकवलं' एवढंच पुरे.

मधेच बोलणारी:
हेअरकटचं, म्हणजे कर्ज देणाऱ्याने आपल्या येण्यातली काही रक्कम सोडून देण्याचं, काय ठरलं? एका ठिकाणी मी 'कर्जाचं मुंडन' वाचलंय, शपथ.

निवृत्त बँकवाला:
मुंडन!! अहो मराठीत बट्टा हा शब्द पेशवाईपासून आहे. नाणं बदलून घेताना सराफ जी रक्कम कापायचा तो बट्टा, शंभरच्या हाती नव्वद यायचे. बट्टा लावला, बट्टा सोसला, सगळं तयार आहे.
फक्त सगळ्याच कर्जाला बट्टा लावू नका हं. भारत, जपान, फ्रान्स यांच्या अध्यक्षतेखालच्या, कर्ज देणाऱ्या देशांच्या समितीशी जून 2024 मध्ये जे ठरलं त्यात मुदत लांबवली आणि व्याज उतरवलं, ते पुनर्गठन. चीनच्या एक्झिम बँकेशी, म्हणजे तिथल्या सरकारी आयात-निर्यात बँकेशी, वेगळी बोलणी. बाँडवाल्यांचं डिसेंबर 2024 ला झालं, साधारण साडेबारा अब्ज डॉलरचे बाँड बदलले, तिथे मुद्दलालाच कात्री लागली, हा खरा बट्टा. त्यातही अट अशी की अर्थव्यवस्था अंदाजापेक्षा जास्त चालली तर बट्टा कमी होणार, म्हणजे तुमचं पीक बरं आलं तर सावकाराला थोडं जास्त.

सोसायटीवाला:
आणि कर्जमाफी तर अजिबात लिहू नका. 2017 ला आपल्याकडे माफी झाली तेव्हा बँकेचे पैसे सरकारने भरले, बँकेला काय झळ नाही. इथे झळ देणाऱ्यालाच बसते. माफीत तिसरा माणूस पैसे भरतो, बट्ट्यात कुणीच भरत नाही, बुडतातच.

मधेच बोलणारी:
ऑस्टेरिटीला काटकसर नको ना प्लीज. काटकसर म्हणजे आईने दुधाच्या सायीचं तूप काढून डब्यात साठवणं, त्यात आपली मर्जी असते, थोडा अभिमान पण. तिकडे सप्टेंबर 2022 मध्ये महागाई 70 टक्क्यांवर गेली होती, पेट्रोल क्यूआर कोड दाखवून मोजकंच, नंतर वीजबिल वाढलं, जानेवारी 2024 पासून व्हॅट 18 टक्के. हा पोटाला चिमटा आहे आणि तो दुसऱ्याने काढलेला.

शंकेखोर:
पोटाला चिमटा जरा घरगुती होतंय लेखात, पण काटकसर खोडते, 'खर्चकपात आणि करवाढ' असं उघडं लिहीन. 'प्रायमरी सरप्लस'ला प्राथमिक शिल्लक लिहिलं होतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेसारखं वाटत होतं, तिथे 'व्याज सोडून शिल्लक' केलं. वाक्य आता असं झालंय: 'वर्षानुवर्षं नवं-जुनं करून ओढलेलं कर्ज थकल्यावर श्रीलंकेने काहींकडून पुनर्गठन आणि काहींकडून बट्टा मिळवला, आणि व्याज सोडून शिल्लक पडेल असा कारभार चालवून ते झेपेल इतपत आणायचं ठरवलं.' लांब झालंय का?

सोसायटीवाला:
लांबू दे. फक्त 'मिळवला' काढा, बट्टा कोण मिळवतं, बट्टा घ्यायला लावतात.

शंकेखोर:
'सोसायला लावला' करते मग.