वाचनालयासाठी ई-पुस्तके की छापील प्रती?

ए-३०४ : नमस्कार. सोसायटीच्या वाचनालयासाठी यंदा ई-पुस्तके घ्यावीत असे सुचवणार होतो. परंतु कित्येक नव्या ई-पुस्तकांची किंमत छापील प्रतीच्या आसपास, तर काहींची सवलतीतल्या प्रतीपेक्षाही अधिक दिसते. कागद, छपाई, वाहतूक यांपैकी कशाचाच खर्च नसताना हे कसे?

बी-१०२ : काका, वाचतो तो कागद, छपाई, बांधणी आणि गोदामाचा खर्च, आणि तो छापील किमतीचा तुलनेने लहानच भाग असतो. लेखकाचे मानधन, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि विक्रेत्याचे कमिशन दोन्हीकडे द्यावेच लागते. खरी मेख सवलतीत आहे. छापील पुस्तक विक्रेता घाऊक दराने घेतो आणि स्वतःच्या नफ्यातून सूट देऊ शकतो. याउलट २०१० मध्ये अॅपल आणि अमेरिकेतील मोठ्या प्रकाशकांनी ई-पुस्तकांसाठी 'एजन्सी' पद्धत स्वीकारली, जिच्यात किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला ३० टक्के कमिशन मिळते. किमती वाढवण्यासाठी अॅपलने प्रकाशकांशी संगनमत केल्याचा निकाल २०१३ मध्ये तेथील न्यायालयाने दिला. तरीही ती पद्धत मात्र टिकली. म्हणून एकाच पुस्तकाची छापील प्रत सवलतीत आणि ई-प्रत पूर्ण किमतीत, असे विचित्र चित्र दिसते.

सी-४०१ : किमतीची तुलना करताना आपण नेमके काय विकत घेतो, हेही पाहावे. छापील प्रत वाचून झाल्यावर विकता येते, कोणालाही देता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुधा केवळ वाचण्याचा वैयक्तिक परवाना मिळतो. वापरलेली ई-पुस्तके प्रकाशकाच्या परवानगीविना पुन्हा विकता येणार नाहीत, असे युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये 'टॉम काबिनेट' खटल्यात स्पष्ट केले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र गेली.

ए-३०४ : म्हणजे एका खात्यावर घेतलेले ई-पुस्तक सर्व सभासदांना फिरवणे नियमात बसणार नाही?

सी-४०१ : सर्वसाधारण वैयक्तिक परवान्यात नाही. ग्रंथालयांसाठी वेगळे परवाने असतात, पण ते बहुधा महाग आणि अनेकदा मुदतीचे असतात.

बी-१०२ : मग देवघेवीसाठी छापील प्रतीच घ्याव्यात. प्रताधिकार संपलेल्या पुस्तकांवर मात्र पैसे घालू नयेत; १९७१ पासून चालू असलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या ठिकाणी ती विनामूल्य मिळतात, त्यांचे दुवे मी येथे टाकते.