सीओईपी लागलंय, घ्यावं का? उद्या शेवटचा दिवस

मृण्मयीची_आई: मुलीला कॅपच्या (इंजिनिअरिंगची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) पहिल्या फेरीत सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज लागलंय. सासरे म्हणतात डोळे झाकून घ्या, नाव जन्मभर पुरतं. भाऊ म्हणतो दोन वर्षांनी कॉलेज कोणी विचारत नाही. नावाने खरंच फरक पडतो का? प्लीज पटकन सांगा.

नितीन_के: ब्रँच कोणती? भरलेल्या यादीतला कितवा प्रेफरन्स लागला?

मृण्मयीची_आई: मेटलर्जी (धातुशास्त्र). गेल्या वर्षीचा कटऑफ बघता एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळू शकेल.

धातुकर्मी: मी तिथूनच मेटलर्जी केलंय. बिनधास्त घ्या. १८५४ पासूनचं कॉलेज आहे, जाल तिथे माजी विद्यार्थी भेटतात. माझ्या पहिल्या मुलाखतीत समोर आमच्याच विभागातले सीनियर होते, अर्धा तास हीट ट्रीटमेंटवरच बोललो. भारत फोर्ज मुंढव्यात, टाटा मोटर्स पिंपरीत. कोअरसाठी, म्हणजे आपल्याच ब्रँचच्या नोकरीसाठी, पुण्यासारखं गाव नाही.

रेणुका_स: तिला कोअरमध्ये जायचंय का, हे कुठे विचारलंत? मी आयटीत फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. नावाचा फायदा आहेच, कारण कंपन्या ठरावीक कॅम्पसलाच जातात. पण तिथे गेल्यावरही काही कंपन्या फक्त कॉम्प्युटर, आयटी, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) यांनाच परीक्षेला बसू देतात. मेटलर्जीची मुलगी हॉस्टेलच्या खोलीत बसून राहते. कॉलेजला 'हायेस्ट पॅकेज' विचारू नका. मेटलर्जीचं मीडियन, म्हणजे सगळे पगार ओळीने लावल्यावर मधोमध येणारं पॅकेज विचारा, किती बसले आणि किती लागले तेही.

धातुकर्मी: आमच्या बॅचचे कितीतरी जण सॉफ्टवेअरमध्येच आहेत!

रेणुका_स: मग चार वर्षं धातूंचे फेज डायग्राम कशाला काढायचे?

सातासमुद्रापार: अमेरिकेत डेल आणि क्रूगर यांचा २००२चा अभ्यास आहे. सारख्याच मोठ्या कॉलेजांत प्रवेश मिळूनही जे कमी नावाच्या कॉलेजात गेले, त्यांची पुढची कमाई साधारण मोठ्या कॉलेजात गेलेल्यांएवढीच होती. गरीब घरच्या मुलांना मात्र मोठ्या कॉलेजचा फायदा दिसला.

नितीन_के: तिकडे बरीचशी मुलं विषय नंतर ठरवतात. इथे दारातच ब्रँच चिकटते. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलता येते, पण जागा मोजक्या आणि गुण भरपूर लागतात. त्या आशेवर घेऊ नका.

जोशीकाका_सातारा: इंजिनिअरिंगचा नाद सोडा. सीए करू द्या. माझ्या पुतणीने घरी बसून केलं.

नितीन_के: काका, धागा तो नाही. ताई, प्रेफरन्स सांगा. पहिलाच लागला असेल तर जागा आपोआप फ्रीझ (पक्की) होते, पुढच्या फेरीत बेटरमेंट, म्हणजे यादीतल्या वरच्या पर्यायासाठी प्रयत्न, करता येत नाही.

मृण्मयीची_आई: आत्ता लॉगिन करून पाहिलं, चौथा आहे. वरचे तिन्ही कॉम्प्युटरचेच. तिला कोडिंगच आवडतं, हे आधी लिहायला हवं होतं.

रेणुका_स: मग सीट स्वीकारून बेटरमेंटला जा. पण वरचं काही लागलं तर मेटलर्जी हातची जाईल, हे घरी आजच बोला.

मृण्मयीची_आई: बोलते. सासऱ्यांना हे मीडियन प्रकरण कसं सांगू? आणि पावती डाउनलोड होत नाहीये, कोणाला होतेय का?