शब्दचर्चा : ‘जैविक गाळणी’ नेमके काय गाळते?

प्रश्न : समुद्री प्रवाळांच्या मत्स्यटाकीची निगा कशी राखावी, यावरील एका पुस्तिकेचे मी मराठी करीत आहे. ‘बायोलॉजिकल फिल्टर’ला ‘जैविक गाळणी’, ‘लाइव्ह रॉक’ला ‘सजीव खडक’ आणि ‘टँक सायकल होणे’ याला ‘चक्र पूर्ण होणे’ असे शब्द मी योजले आहेत. ते योग्य आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : पहिल्या शब्दाला माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. चहा गाळला की चोथा गाळणीत अडकतो, आपण ती आपटून झाडतो आणि नळाखाली धुतो. म्हणजे ‘गाळणी’ या शब्दातच ‘अडकलेली घाण’ आणि ‘धुणे’ या दोन गोष्टी आलेल्या असतात. बायोलॉजिकल फिल्टरमध्ये मात्र काहीच अडकत नाही. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो व दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ही कामे दोन निरनिराळे गट करतात, हे रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवून दिले. विष सौम्य होते हे खरे, पण बहुतेक सगळा नत्र पाण्यातच राहतो आणि नायट्रेटच्या रूपाने साठत जातो.

काही वर्षांपूर्वी एका दुकानासाठी सूचनापत्रक लिहिताना मीही ‘गाळणी’ हाच शब्द वापरला होता. मूळ सूचना अशी होती की, फिल्टरमधील सिरॅमिकच्या कड्या टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने विसळाव्यात. डोक्यात ‘गाळणी’ असल्यामुळे मी ‘स्वच्छ धुवाव्यात’ असे लिहून मोकळा झालो. एका गृहस्थांनी त्या कड्या क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याखाली अगदी पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत घासल्या. चौथ्या दिवशी अमोनियाच्या चाचणीत जे पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवे झाले. जिवाणूंचा थर मोरीत वाहून गेला होता आणि त्याला माझे क्रियापद कारणीभूत होते.

म्हणून प्रक्रियेला शालेय पुस्तकांतला ‘नायट्रीकरण’ हा शब्द घ्यावा, उपकरणाला सरळ ‘बायोफिल्टर’ म्हणावे आणि ‘गाळणे’ हे क्रियापद कचरा खरोखर अडवणाऱ्या कापडी पिशवीसाठी राखून ठेवावे. ‘प्रोटीन स्किमर’साठी तर गुऱ्हाळातला शब्द आयता आहे. उकळत्या काहिलीवरची मळी जशी झाऱ्याने काढतात, तसे हे यंत्र सेंद्रिय द्रव्य कुजून त्याचा अमोनिया होण्याआधीच ते फेसाबरोबर वर आणून बाहेर टाकते; त्यामुळे ‘मळी काढणारे यंत्र’ म्हटले की वाचकाला निराळे स्पष्टीकरण लागणार नाही.

दुसरे मत : वरील आग्रह मला थोडा ताणलेला वाटतो. तेल हा शब्द तिळापासून आला, तरी आपण खोबऱ्याचेही तेलच म्हणतो; तसाच ‘जैविक गाळण’ हा शब्दही रूढीने चालू शकेल. मात्र ‘गाळणी’ ही वस्तू डोळ्यांपुढे येते, म्हणून ती टाळावी, हे मान्य आहे.

‘सजीव खडक’ मात्र बदलावा, कारण सजीव असतात ते त्या सच्छिद्र दगडात वस्तीला आलेले जीव, दगड नव्हे. ‘जिवंत खडक’ अधिक चांगला. आपण विहिरीच्या ‘जिवंत झऱ्या’विषयी बोलतो तेव्हा झरा श्वास घेतो असे कोणाला वाटत नाही, तो आतून चालू आहे, एवढाच अर्थ होतो आणि येथे तोच हवा आहे. या खडकाच्या पृष्ठभागावर नायट्रीकरण होते, तर आतल्या प्राणवायूविरहित छिद्रांत दुसरे जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायुरूपाने निघून जातो. या दुसऱ्या क्रियेला ‘विनायट्रीकरण’ म्हणतात. मुद्रितशोधकाने त्यातला ‘वि’ जपावा; तो गळाला तर अर्थ नेमका उलटा होईल.

पहिल्या उत्तरास पुरवणी : तेलाचा दाखला मी स्वीकारतो. आकड्यांबाबत मात्र सावध राहावे लागेल. काही चाचण्या पूर्ण नायट्रेट मोजतात, काही त्यातला फक्त नत्र. लिटरमागे १ मिलिग्रॅम ‘नायट्रेट-नत्र’ म्हणजे सुमारे ४.४ मिलिग्रॅम नायट्रेट. युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र वाचण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला हा फरक लगेच कळेल, शहरी वाचकाला तो सांगावा लागेल. शिवाय ‘नायट्रेट हटवणे’ असे लिहू नये. नायट्रेट शून्यावर गेले तर प्रवाळ फिकट पडू शकतात, म्हणून बरेच जण ते लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. येथे ‘आटोक्यात ठेवणे’ हेच क्रियापद योग्य. पाणी बदलण्याचा हिशेबही स्पष्ट मांडावा: नायट्रेट ४० असताना एक दशांश पाणी बदलले तर ते ३६ वर येते, ४ वर नव्हे.

‘चक्र पूर्ण होणे’ हेही नको, कारण चक्र तर त्यानंतरच नीट फिरू लागते. नव्या टाकीत नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंची वस्ती जमायला वेळ लागतो; ती साधारण चार ते सहा आठवड्यांत लोणच्यासारखी मुरते, आणि जुन्या टाकीतला दगड आणून तिला विरजण लावता येते. तेव्हा ‘टाकी मुरली’ असे लिहावे. फक्त ‘टाकीत पाणी मुरले’ असे लिहू नये, नाहीतर वाचक गळती शोधत बसेल.