मदत हवी आहे: बुलेट क्लस्टरचा शॉक उलटा येतोय!!

घाईत_आहे: शनिवारी सरांना बुलेट क्लस्टरचा प्लॉट दाखवायचाय, तेच एकमेकांत घुसलेले दोन दीर्घिका-समूह. पश्चिमेच्या कडेच्या आत आणि बाहेर एक्स-रे स्पेक्ट्रम काढला, गॅसचं तापमान आत ७ केईव्ही आणि बाहेर दुपटीहून जास्त. शॉक म्हणजे धक्का-लाट, तिच्या मागचा गॅस तापलेला असतो ना, मग हे उलटं कसं? तीन दिवस तेच तेच फिट करतोय, काय चुकतंय सांगा प्लीज

रात्रपाळी: कुठली दुर्बीण? निरीक्षण किती किलोसेकंदांचं (किती हजार सेकंदांचं)? बॅकग्राउंड कुठला?

घाईत_आहे: चंद्राच की, नासाची एक्स-रे दुर्बीण. बॅकग्राउंड ब्लँक-स्काय, म्हणजे रिकाम्या आकाशाचा, सगळे वापरतात तोच.

रात्रपाळी: स्केल केलास का? ९ ते १२ केईव्हीचे काउंट (डिटेक्टरच्या नोंदी) जुळवून घ्यायचे, तिथे चंद्राचे आरसे जवळपास आंधळेच, जे येतं ते डिटेक्टरवर आदळणाऱ्या कणांचं. बाहेरच्या फिक्या भागात बॅकग्राउंड जरा कमी वजा झाला की तापमान फुगतं.

मोठा_आरसा: चंद्राच्या नादी कशाला लागता, एक्सएमएम घ्या, युरोपची मोठ्या आरशांची एक्स-रे दुर्बीण, काउंटच काउंट.

रात्रपाळी: आणि कडा पुसली जाईल त्याचं काय? चंद्राला अर्ध्या आर्कसेकंदाचं दिसतं.

मोठा_आरसा: त्याला तापमान हवंय, फोटो नकोय!

रात्रपाळी: कडेच्या दोन बाजूंचं हवंय हो.

नारायणगावकर: शॉक बघायचा तर रेडिओत बघा. आमच्या खोडदला जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश कशासाठी आहेत?

रात्रपाळी: बुलेट आकाशात दक्षिणेला उणे ५६ अंशांवर आहे काका, जीएमआरटी उणे ५३ च्या खाली वाकत नाही.

हौशी७७: शेजारची अँड्रोमेडा दीर्घिका आपल्यावर आदळलीच तर असाच शॉक बसणार का?

गार_बाजू: तू सेक्टर (स्पेक्ट्रमसाठी कापलेला तुकडा) ठेवलास कुठे? ती सुरीने कापल्यासारखी चकचकीत कडा असेल तर तो शॉक नाहीच, ती गोळीची, म्हणजे आत घुसलेल्या छोट्या समूहाच्या गार गॅसची स्वतःची कडा, कोल्ड फ्रंट. तिथे दाट बाजू गार असते आणि दाब दोन्हीकडे साधारण सारखा, शॉकमध्ये दाट बाजूच गरम. तुझे आकडे बरोबरच आहेत, नाव चुकलंय. माक ३ (ध्वनीच्या तिप्पट वेग) च्या आसपासचा खरा शॉक तिच्या पुढे आहे, फिका, धनुष्यासारखा. इमेज लॉग स्केलवर टाकून थोडी स्मूद कर.

घाईत_आहे: अरे देवा. आहे की कमान!! मी तीन दिवस लिनियरवरच बघत बसलो. पण तिच्या बाहेर काउंट इतके कमी की एरर बार पानाबाहेर जातोय.

रात्रपाळी: म्हणून तर किती किलोसेकंद ते पहिल्यांदाच विचारलं होतं.

घाईत_आहे: एकच ऑब्झर्वेशन उतरवलंय, बाकीची जागा खातात.

गार_बाजू: आर्काइव्हमध्ये सगळी मिळून ५०० किलोसेकंदांच्या आसपास पडलीयेत. हार्ड डिस्क माग कुणाची तरी. आणि शनिवारी कोल्ड फ्रंटचाच प्लॉट दाखव, तो तयार आहे तुझ्याकडे.

हौशी७७: माझ्या प्रश्नाचं काय?